खड्ड्यातून

वडशाहून निघालो तेव्हा चारशे सातमध्ये
तळाशी पडदे, पडद्यांवर पेटारे, पेटाऱ्यांवर आम्ही.
राजवाडा गुंडाळून माझ्या उशाशी,
त्याचा एक खांब उंदरांनी कुरतडलेला.
नाकाडे मास्तरांनी ऑर्गन गोधडीत बांधलेला,
वर एक हात,
तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा.
बाया मागून क्रूझरनं येतात.

गावाचं नाव मोहटोला.
शंकरपट दुपारीच उरकलेला,
बैलांनी उधळलेली धूळ अजून बोरींवर बसलेली.
धान कापलेल्या बांधीत मंडप,
आणि रंगमंचापुढे आमच्यासाठी कमरेइतका खड्डा,
ताजा, तळाशी ओल.
त्यात तनस टाकली, तनशीवर सतरंजी,
सतरंजीवर आम्ही चौघं:
मास्तर, ऑक्टोपॅडवर रोहिदास,
क्लॅरोनेटवाला गेडामबुढा,
आणि तबल्यावर मी, धनपाल उराडे.

जेवायला मंडळाच्या पोरांनी घरोघर वाटून दिलं.
माझ्या वाट्याला शाळेमागचं घर.
लाखोरीची डाळ, भात, वांग्याची भाजी.
बाईनं विचारलं, "तुमी हिरो का जी?"
म्हटलं, "नाही बाई, मी खड्ड्यात असतो."
ती हसली अन् वरून आणखी भात टाकला.

बावीस हंगाम झाले.
मला एकही नाटक पुरतं माहीत नाही.
खड्ड्यातून पायच दिसतात.
खलनायकाच्या टाचांना भेगा.
बापाचं काम करणारा मरतो तेव्हा
उजवा अंगठा आधी सैल सोडतो.
आई रडते तेव्हा पायाची बोटं आवळते.
समोरच्या हजारांना डोळे दिसतात,
मला बोटं,
आणि बोटांना ग्लिसरीन लावता येत नाही.

अकराला पडदा उघडला.
दवानं तबला उतरत होता,
दर प्रवेशाला हातोडी.
दुसऱ्या अंकात रंजना आली, नाचाला.
डावा पाय टेकताना
ती अर्धी मात्रा धरून ठेवत होती.
वर हसू असणार, कारण शिट्ट्या थांबत नव्हत्या.

मी लय जराशी सोडली.
समेचा धा तिचा पाय खाली येईस्तोवर
हातातच ठेवला.
मास्तरांनी वळून पाहिलं, शिवी डोळ्यांतच होती.
पुढच्या आवर्तनाला तेही सरकले.
गेडामबुढ्यानं श्वास लांबवला.
रोहिदासला काही कळलं नाही,
पण तोही आमच्या मागं मागं आला.
असे चौघं आम्ही एका टाचेसाठी
पहाटेपर्यंत हळू चाललो,
आणि लोकांना वाटलं, नाटकच असं आहे.

पाचला लोक ब्लँकेटं झटकत उठले,
रस्त्यात वाघ आहे म्हणून घोळक्यानं निघाले.
एक पोरगा डबड्यावर माझा ठेका वाजवत गेला,
चुकीचा. म्हणजे संथ.
म्हणजे रात्री वाजला अगदी तस्सा.

शेकोटीपाशी रंजना चिमट्यानं
टाचेतून तुरीचं धसकट काढत होती,
पेन्सिलीच्या टोकाएवढं.
"मंडपामागं लागलं," कुणाला तरी सांगत होती,
"चप्पल घालायले टाइमच नोयता."
मी बिडी पेटवायला वाकलो.
तिच्या डाव्या डोळ्याखाली तीळ आहे,
हे मला तिसऱ्या हंगामात कळलं.
तिनं वर पाहिलं.
"तुमी नवीन का?"
म्हटलं, "तबला."
"हो का," ती म्हणाली, आणि टाचेवर हळद दाबली.

गाडी सुरू झाली.
राजवाडा पुन्हा उशाशी, दवानं जड.
पुढचं गाव पिपरटोला.
मास्तर म्हणाले, तिथं खाली नुसता मुरूम आहे,
पोरांनी गुडघ्याएवढाच खड्डा खणलाय.